कार्लोस क्वेरोझ यांच्या कामाचे मोजमाप कोणत्या मापाने करावे?

मध्यरेषा

जुलै २०२५ मध्ये कार्लोस क्वेरोझ यांनी ओमानच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय ७२ होते आणि हा त्यांचा आठवा राष्ट्रीय संघ होता. पोर्तुगाल, संयुक्त अरब अमिराती, दक्षिण आफ्रिका, इराण, कोलंबिया, इजिप्त, कतार आणि ओमान, आणि त्यातही पोर्तुगाल व इराण दोनदा. याखेरीज लिस्बनचा स्पोर्टिंग, न्यूयॉर्क-न्यू जर्सीचा मेट्रोस्टार्स, जपानचा नागोया ग्रॅम्पस एट आणि रेआल माद्रिद हे क्लब, तसेच मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक म्हणून दोन कालखंड. एवढी लांब यादी पाहिली की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: हा माणूस कुठेच टिकला नाही. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो आणि त्यावर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांचा जन्म १ मार्च १९५३ रोजी मोझांबिकमधील नांपुला येथे, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत झाला. तरुणपणी ते गोलरक्षक होते, परंतु खेळाडू म्हणून सांगण्यासारखी कारकीर्द त्यांना लाभली नाही. वसाहत संपत असताना ते पोर्तुगालला आले आणि लिस्बनमध्ये शारीरिक शिक्षणाचे उच्च शिक्षण घेऊन या क्षेत्रात उतरले. मोठा खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक होतो, ही तेव्हाची सर्वमान्य वाट होती. क्वेरोझ आले ते वर्गातून, वही आणि फळा घेऊन. पुढच्या पिढीत पोर्तुगालमधून जे अभ्यासू प्रशिक्षक जगभर गेले, त्यांच्यासाठी ही वाट रुळवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी आहे.

१९८९ मध्ये रियाध येथे पोर्तुगालच्या २० वर्षांखालील संघाने अंतिम सामन्यात नायजेरियाला २-० असे हरवून युवा विश्वचषक जिंकला. दोन वर्षांनी ही स्पर्धा पोर्तुगालमध्येच भरली. ३० जून १९९१ रोजी लिस्बनच्या 'लुझ' मैदानावर सुमारे १,२७,००० प्रेक्षकांसमोर ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये रुई कोश्टाने निर्णायक फटका मारून विजेतेपद राखले. फिगो, रुई कोश्टा, जोआव पिंटो, जोर्ज कोश्टा अशी नावे या दोन संघांतून पुढे आली. पोर्तुगालमध्ये या मुलांना 'सुवर्ण पिढी' म्हणतात. तोपर्यंत पोर्तुगालचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाला अवघ्या दोनदा, १९६६ आणि १९८६ मध्ये, पात्र ठरलेला होता. २००२ पासून मात्र तो एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही. या बदलाचे सगळे श्रेय एका माणसाला देता येणार नाही, परंतु वयोगटांच्या संघांची शिस्तशीर रचना उभी करण्याचे काम त्यांच्याच हातून झाले, हे नाकारणे कठीण आहे.

याच माणसाला मोठ्यांच्या संघाबरोबर १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवता आली नाही. नंतर स्पोर्टिंगमध्ये, १४ मे १९९४ रोजी, विजेतेपदाच्या शर्यतीतील निर्णायक लढतीत त्यांचा संघ घरच्या मैदानावर बेनफिकाकडून ३-६ असा हरला. त्या दिवशी तीन गोल करणारा जोआव पिंटो हा त्यांच्याच दोन्ही युवा विश्वविजेत्या संघांतला विद्यार्थी होता. पुढल्या वर्षी स्पोर्टिंगने पोर्तुगीज चषक जिंकला, पण लिस्बनमधील जुन्या चाहत्यांच्या स्मरणात ती पावसाळी संध्याकाळच अधिक ठळक राहिली आहे.

अमेरिकेतील क्लबनंतर नागोयामध्ये आर्सेन वेंगर यांच्या जागी ते गेले. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकन महासंघासाठी एक सविस्तर अहवाल लिहिला. २०१० पर्यंत विश्वचषक जिंकण्याची क्षमता निर्माण करायची असेल तर मुले कोठून, कशी आणि कोणत्या वयात घडवावी लागतील, याचा तो आराखडा होता. अमिरातीतील थोडक्या मुक्कामानंतर दक्षिण आफ्रिकेला त्यांनी २००२ च्या विश्वचषकाला पात्र केले, आणि स्पर्धा तोंडावर असताना मार्च २००२ मध्ये, महासंघाने जोमो सोनो यांना तांत्रिक संचालक नेमल्यावर, राजीनामा दिला. संघ विश्वचषकाला गेला तो सोनो यांच्या हाताखाली.

येथून पुढे त्यांच्या कारकिर्दीत एकच प्रसंग पुन्हापुन्हा घडताना दिसतो. संघाला पात्र करायचे किंवा सावरायचे, सरावासाठी दिवस आणि साधने मागायची, ती न मिळाल्यास उघडपणे बोलायचे आणि शेवटी महासंघाशी बिनसायचे. लोक याला स्वभावदोष म्हणतात. मला वाटते की बहुतेक वेळा त्यांची मागणी रास्त होती, आणि इराणचे उदाहरण याचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

एप्रिल २०११ ते जानेवारी २०१९ अशी जवळपास आठ वर्षे ते इराणमध्ये होते. निर्बंधांमुळे मैत्रीपूर्ण सामने मिळत नसत, पैसे पोहोचत नसत आणि स्थानिक क्लब खेळाडू सोडायला राजी नसत. २०१८ च्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर नायकेने अमेरिकी निर्बंधांचे कारण देऊन इराणी खेळाडूंना बूट पुरवण्यास नकार दिला. या परिस्थितीत त्यांनी परदेशी वाढलेले इराणी वंशाचे खेळाडू हुडकून आणले. जर्मनीत वाढलेला अश्कान देजागाह आणि नेदरलँड्समध्ये वाढलेला रझा गुचाननेजाद हे त्यांतले प्रमुख. याच रझाच्या गोलवर १८ जून २०१३ रोजी उल्सानमध्ये दक्षिण कोरियाला १-० असे हरवून इराण २०१४ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला. तेथे अर्जेंटिनाला नव्वद मिनिटे रोखून धरल्यावर भरपाई वेळेत मेस्सीने गोल केला. २०१८ साठी तर इराण पात्रता फेरीत एकही सामना न हरता पोहोचला, आणि रशियात मोरोक्कोवर विजय, स्पेनकडून केवळ ०-१ असा पराभव व पोर्तुगालशी १-१ अशी बरोबरी, असे चार गुण मिळवले. त्यापूर्वी कोणत्याही विश्वचषकात इराणला इतके गुण मिळाले नव्हते.

सारान्स्कमधील त्या पोर्तुगाल-सामन्यात गोलरक्षक बैरानवंदने रोनाल्डोची पेनल्टी अडवली. अगदी अखेरच्या क्षणी तारेमीचा फटका बाहेरच्या जाळीवर गेला. तो आत गेला असता तर क्वेरोझ यांनी स्वतःच्या देशाला स्पर्धेबाहेर काढले असते. प्रशिक्षकाचे यश मोजताना आपण त्या जाळीच्या आतले आणि बाहेरचे अंतर मोजतो की त्याआधीची आठ वर्षे मोजतो, हा माझा प्रश्न आहे.

सह्यकडा

लेख मेहनतीने लिहिला आहे, परंतु आपण माद्रिदला केवळ यादीत जागा दिली, हे मला खटकले. प्रशिक्षकाची पारख सर्व साधने हाताशी असतानाही व्हायला हवी. २००३-०४ मध्ये त्यांच्याकडे झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो, फिगो, राऊल, रॉबेर्तो कार्लोस आणि नव्याने आलेला बेकहॅम होता. सुरुवातीला स्पॅनिश सुपर चषक जिंकल्यानंतर हा संघ मार्चमध्ये राजाच्या चषकाचा अंतिम सामना सारागोसाकडून अतिरिक्त वेळेत २-३ असा हरला. चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोला घरी ४-२ असे हरवून परतीच्या सामन्यात १-३ असा पराभव पत्करला आणि गोलांची बेरीज सारखी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, या तेव्हाच्या नियमाने तो बाहेर पडला. लीगमधील शेवटचे पाचही सामने हरून त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. हंगाम हातातून निसटताना त्याला थांबवण्याचा उपाय त्यांना सापडला नाही, आणि ही जबाबदारी महासंघावर ढकलता येत नाही.

मध्यरेषा

सह्यकडा, आपला आक्षेप योग्य आहे. माद्रिद मी थोडक्यात उरकले, ही चूक मान्य करतो. मात्र दोन बाबी जोडणे आवश्यक आहे. त्या उन्हाळ्यात क्लबने मध्यरक्षक क्लोद माकेलेले याला चेल्सीला जाऊ दिले आणि त्याच्या तोडीचा खेळाडू आणला नाही. बचावपटू एर्रो गेला, आणि आघाडीच्या मोरिएंतेसला उसनवारीवर ज्या मोनॅकोकडे पाठवले, त्याच मोनॅकोकडून त्याने दोन्ही सामन्यांत माद्रिदवर गोल केले. म्हणजे आघाडीला तारे आणि मागे राखीव मुले अशी ती फळी होती. थकलेल्या अकरा जणांना विश्रांती देण्यासाठी त्याच दर्जाचे पर्यायी खेळाडू हाताशी असावे लागतात. तरीही शेवटचे पाच पराभव हे त्यांच्या खात्यावर राहतील, त्यावर माझा वाद नाही.

मांडवीकाठ

एक छोटी भर घालतो. पोर्तुगीज उच्चारानुसार हे नाव 'कार्लुश कैरॉश' असे होते. आमच्याकडे पणजीत जुनी माणसे तसेच म्हणत. आपल्याकडे इंग्रजी समालोचनामुळे 'क्वेरोझ' रूढ झाले आहे, तेव्हा धाग्यात तेच राहू द्यावे.

मोझांबिकचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा कारभार गोव्यातील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, आणि नंतरही अनेक गोमंतकीय कुटुंबे तेथे कारकून, शिक्षक व डॉक्टर म्हणून स्थायिक झाली होती. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर त्यांतली पुष्कळशी लिस्बनला गेली. अशा एका कुटुंबातील नातलगांकडून मी लहानपणी ऐकले आहे की सामान बांधून, ओळखीचे सर्व मागे टाकून, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा 'मायदेशी' जाणे किती अवघड होते. विशीच्या आसपास हा अनुभव घेतलेल्या माणसाला पुढे तेहरान किंवा बोगोटा परके वाटले नसेल, असे मला मनापासून वाटते.

लोकलप्रवासी

या चर्चेला मुंबईचा एक थेट धागा आहे. १९९१ च्या त्या युवा विश्वविजेत्या संघातील बचावपटू जोर्ज कोश्टा २०१८ ते २०२० या काळात इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते. पोर्टोचे कर्णधार म्हणून २००४ मध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला होता. प्रशिक्षक म्हणून तेही गुरूंप्रमाणेच फिरले: रोमानिया, सायप्रस, गॅबनचा राष्ट्रीय संघ, ट्युनिशिया, फ्रान्स आणि मग अंधेरीचे मैदान. पहिल्या हंगामात त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. तेथे पहिल्या सामन्यात एफसी गोवाने आम्हांला घरच्या मैदानावर ५-१ असे हरवले. मी तेव्हा प्रेक्षागारात होतो. परतीच्या सामन्यात गोव्यात १-० असा विजय मिळाला, तो उपयोगाचा नव्हता, पण संघ मान खाली घालून खेळला नाही, याचे मला समाधान वाटले होते.

५ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी पोर्टोच्या सराव केंद्रात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या दिवशी अंधेरीतले ते दोन हंगाम मला फार आठवले.

क्वेरोझ यांचे युवा संघातील सहकारी नेलो विंगादा यांचीही आठवण येथे व्हायला हवी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सौदी अरेबियाने १९९६ चा आशियाई चषक आणि एफसी सोलने २०१० ची कोरियन लीग जिंकली. २०१६ मध्ये ते गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडचे प्रशिक्षक होते, आणि २०१९ च्या आरंभी काही काळ केरळा ब्लास्टर्सकडेही होते. लिस्बनमधील त्या एका छोट्या गटाची माणसे आपल्या मैदानांपर्यंत येऊन गेली, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातही आले नाही.

स्वल्पविराम

मी ८ सप्टेंबर २०१५ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर भारत विरुद्ध इराण हा पात्रता सामना पाहिला होता. निकाल ०-३ असा लागला. आझमून, तेमूरियान आणि तारेमी यांनी गोल केले. पहिला गोल व्हायला जवळपास अर्धा तास लागला, तेव्हा आमच्या आशा उंचावल्या होत्या. मध्यंतरानंतर पाच-सहा मिनिटांत दोन गोल झाले आणि सामना संपला.

मला त्या गोलांपेक्षा एक वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. चेंडू इराणकडे नसताना त्यांचे दहाही खेळाडू जणू एकाच दोरीला बांधल्यासारखे सरकत. डावीकडचा बचावपटू चार पावले पुढे आला की उजवीकडचा तितकाच आत येई. भारताच्या मध्यरक्षकाला पुढे पास देण्यासाठी फट सापडतच नव्हती, म्हणून तो चेंडू मागे देई. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. मँचेस्टर युनायटेडने २००८ मध्ये बार्सिलोनाला दोन्ही उपांत्य सामन्यांत एकही गोल करू दिला नाही. त्यापूर्वी क्वेरोझ यांनी सराव मैदानावर व्यायामाच्या चटया अंथरून प्रत्येकाची जागा ठरवून दिली होती, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. कांतीरवावर बसून मला त्या चटयाच दिसत होत्या.

चौथा पंच

दोन्ही बाजू वाचल्या. माझे मत सह्यकडा यांच्या जवळचे आहे, पण कारण वेगळे आहे. क्वेरोझ यांची पद्धत कमकुवत संघाला बळ देते आणि बलवान संघाचे बळ कमी करते. २०१० च्या विश्वचषकातला पोर्तुगाल पाहा. चार सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला, तो स्पेनच्या व्हियाचा, आणि त्याच गोलने ते बाहेर पडले. पण उत्तर कोरियाविरुद्धचे सात गोल वगळले तर उरलेल्या तीन सामन्यांत पोर्तुगालचा एकही गोल नाही, आणि संघात रोनाल्डो ऐन भरात होता. कोलंबियाकडे हामेस आणि फाल्काओ होते. २०१९ च्या कोपा अमेरिकेत त्यांनी अर्जेंटिनाला २-० असे हरवले, साखळीत एकही गोल होऊ दिला नाही, आणि उपांत्यपूर्व सामन्यात चिलीविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर हरले. नोव्हेंबर २०२० मध्ये उरुग्वेकडून ०-३ आणि इक्वेडोरकडून १-६ असे पराभव झाल्यावर त्यांना जावे लागले. भिंत फुटली तेव्हा मागे दुसरी योजना नव्हती.

इजिप्तमध्येही तेच. २०२२ च्या आरंभी झालेल्या आफ्रिकी चषकात त्यांचे बाद फेरीतील चारही सामने अतिरिक्त वेळेत गेले. अंतिम सामना सेनेगलकडून पेनल्टींवर गमावला आणि मार्चमध्ये विश्वचषकाची जागाही त्याच सेनेगलकडून पेनल्टींवरच गेली. सालाहचा फटका बारच्या वरून गेला. एवढे सामने शूटआउटपर्यंत जातात, त्याला मी दुर्दैव म्हणणार नाही. सामना तेथपर्यंत नेणे ही निवड आहे.

मध्यरेषा

चौथा पंच, आपला मुद्दा या धाग्यातील सर्वांत वजनदार आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. रोनाल्डो असलेल्या संघाने अधिक धाडस करायला हवे होते, हे मला मान्य आहे. इजिप्तबाबत मात्र माझा मतभेद कायम आहे. त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये काम स्वीकारले आणि पाच महिन्यांत ते अंतिम सामन्यात होते, वाटेत कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट), मोरोक्को आणि यजमान कॅमेरून यांना मागे टाकून. सालाह वगळता त्या संघाची आघाडी सेनेगलच्या तोडीची नव्हती. अशा वेळी सामना लांबवणे ही निवड असली, तरी ती हिशेबी निवड आहे.

आणखी एक गोष्ट आपण सर्वांनी बाजूला ठेवली. २०१० मध्ये उत्तेजक चाचणीच्या पथकाला अडथळा आणल्याचा ठपका ठेवून पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी घालण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे मार्च २०११ मध्ये क्रीडा लवादाने ती बंदी रद्द केली. तोपर्यंत पद गेलेले होते. आपल्याच देशाने असे वागवल्यानंतर पुढच्याच महिन्यात ते तेहरानला गेले, आणि माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम तेथेच झाले.

दोहावासी

नोकरीनिमित्त दोह्यात असल्यामुळे २५ नोव्हेंबर २०२२ चा इराण-वेल्स सामना अहमद बिन अली मैदानावर प्रत्यक्ष पाहता आला. क्वेरोझ त्या सप्टेंबरमध्येच इराणकडे परतले होते. देशात पोलिसांनी हिजाबवरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतरचे आंदोलन पेटलेले होते. पहिल्या सामन्यात खेळाडूंनी राष्ट्रगीत म्हटले नाही आणि इंग्लंडने ६-२ असा धुव्वा उडवला. चारच दिवसांनी हा संघ पुन्हा उभा राहिला. माझ्या शेजारची इराणी बाई राष्ट्रगीत सुरू असताना रडत होती. सामना गोलशून्य सुटणार असे दिसत असताना भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला चेश्मीने आणि अकराव्या मिनिटाला रेझाइयानने गोल केला. पुढे अमेरिकेकडून ०-१ अशी हार झाली आणि ते बाहेर पडले. पण त्या चार दिवसांत मनाने खचलेल्या मुलांना मैदानावर पुन्हा एकत्र बांधणे, हे ज्याला जमले त्याला केवळ बचावाचा प्रशिक्षक म्हणणे मला पटत नाही.

कतारचा अनुभव मात्र वेगळा आहे आणि तोही प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते येथे आले. डिसेंबरमध्ये, आशियाई चषक महिन्यावर आलेला असताना, त्यांना बाजूला करून टिनटिन मार्केझ यांना नेमले गेले. त्याच कतारने १० फेब्रुवारी २०२४ रोजी लुसैलमध्ये जॉर्डनला ३-१ असे हरवून चषक राखला. अक्रम अफिफने तीन पेनल्टींवर तीन गोल केले. नव्या प्रशिक्षकाखाली अफिफ अधिक मोकळा खेळला, असे येथील माझ्या सहकाऱ्यांचे मत आहे आणि मलाही तसेच दिसले. चौथा पंच यांच्या म्हणण्याला हा पुरावा जोडता येईल.

सह्यकडा

दोहावासी, प्रत्यक्ष पाहिलेले लिहिल्याबद्दल आभार. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकाच्या पात्रतेसाठी ओमान दोह्यातच खेळला, तेव्हा आपण गेला होता का? कतारशी ०-० अशी बरोबरी आणि मग अमिरातीकडून १-२ असा पराभव, म्हणजे त्यांनी स्वतः पूर्वी सांभाळलेल्या दोन संघांविरुद्धच हे सामने झाले.

दोहावासी

कतारविरुद्धच्या सामन्याला गेलो होतो. ओमानचे खेळाडू चेंडू गमावला की लगेच दोन ओळींत मागे येत आणि दोन ओळींमधले अंतर पंधरा पावलांपेक्षा वाढू देत नसत. स्वल्पविराम यांनी कांतीरवावर पाहिलेली ती दोरी मला येथेही दिसली. गोल मात्र त्यांना करता आला नाही.